ओटी टेक्निशियन व्हायचंय, पण कोणत्या दारानं?

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं आवार लागतं. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतच्या डॉक्टरांच्या, वैद्यांच्या, परिचारिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या परीक्षांचा कारभार इथूनच चालतो. तिथून शहरात येऊन मुंबई नाका, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा कोणत्याही बाजूला वळलं, की हॉस्पिटलांच्या पाट्याच पाट्या दिसतात. प्रसूती, हाडं, मूतखडा, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. या पाट्यांच्या आतल्या ऑपरेशन थिएटरांत रोज सकाळी मशिन सुरू करणारी, ट्रॉली लावणारी, पेशंटला टेबलावर घेणारी जी माणसं असतात, त्यांतले अनेकजण हे काम कुठल्याही कॉलेजात शिकलेले नाहीत. वॉर्डबॉय म्हणून लागले, जुन्या मामांच्या हाताखाली काही वर्षं काढली, डॉक्टरांचा विश्वास बसला आणि ओटी असिस्टंट झाले. त्यांतले कित्येक कामाला उत्तम आहेत, पण ते दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही. आणि ज्यांच्याकडे कागद आहे, त्यांतल्या काहींनी चालू थिएटर जेमतेम पाहिलेलं असतं.

शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ, रोजच्या बोलण्यातला ओटी टेक्निशियन, व्हायला निघालेल्या मुलामुलींपुढचा खरा पेच हा आहे. काम चांगलं आहे, आणि मनापासून शिकलेल्याला नोकरीही मिळते. अडचण आहे ती दारांची. या एका कामाकडे जाणारी चार-पाच दारं उघडी आहेत, सगळ्यांवर जवळपास सारखीच पाटी आहे, आणि आत गेल्यावर मात्र ती फार वेगवेगळ्या ठिकाणी नेतात.

आधी काम काय असतं ते नीट पाहायला हवं, कारण प्रवेशाच्या जाहिरातीत ‘डॉक्टरांना ऑपरेशनमध्ये मदत’ एवढंच लिहिलेलं असतं.

नऊची केस असली तर टेक्निशियन त्याच्या तास-दीड तास आधी आत असतो. भुलीचं मशिन, ज्याला सगळे अजून बॉइल्सच म्हणतात, ते आधी तपासायचं. पाइपलाइनचा दाब किती, राखीव ऑक्सिजन सिलिंडरमध्ये किती शिल्लक, नळ्यांतून कुठे गळती आहे का, सोडालाइमचा रंग बदललाय का. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याशी पांढरा, नायट्रस ऑक्साइडचा निळा. एकाच्या जागी दुसरा बसूच नये म्हणून दोन्हींच्या तोंडाशी वेगळ्या जागी पिनांची छिद्रं असतात. ही सोय असूनही सिलिंडर उघडून, काटा बघून, बंद करून ठेवायचा असतो. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो की नाही, सक्शन ओढतं की नाही, श्वासनलिकेत घालायच्या नळ्यांचे तीन आकार हाताशी आहेत की नाही, हे पेशंट टेबलावर येण्याआधी पाहायचं. पेशंट झोपल्यावर दिवा लागला नाही, तर त्याच्या मेंदूला ऑक्सिजन पोचण्यासाठी हातात मोजकी मिनिटंच असतात.

मग ट्रॉली. ऑटोक्लेव्हमधून आलेला ड्रम उघडण्याआधी त्यावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्यात का हे बघायला नवखाही शिकतो. जाणकाराला ठाऊक असतं की बाहेरची टेप काळी झाली म्हणजे उष्णता बाहेरपर्यंत आली, एवढंच सिद्ध झालं. ड्रम ठासून भरला असेल तर वाफ मधल्या गॉजपर्यंत पोचतच नाही. म्हणून आत, मधोमध, वेगळी पट्टी ठेवायची. शिवाय ठरावीक दिवसांनी उष्णतेला सहज न मरणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू मशिनमध्ये घालून ते मेले का हे तपासायचं. १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली पंधरा ते वीस मिनिटं. निर्वात पद्धतीच्या मशिनमध्ये १३४ अंशाला तीन-चार मिनिटं. हे आकडे पाठ करायला एक दिवस पुरतो. ते का आहेत हे समजायला सूक्ष्मजीवशास्त्र शिकावं लागतं, आणि समजलं नाही तर घाईच्या दिवशी पाच मिनिटं कमी करण्याचा मोह होतो.

पेशंटला टेबलावर नीट झोपवणं हे तर बाहेरच्याला काम वाटतच नाही. भुलीतला माणूस ‘हात अवघडला’ असं सांगू शकत नाही. हात खांद्यापासून नव्वद अंशांच्या पलीकडे ताणला गेला तर काखेतून जाणाऱ्या नसांचा जुडगा ओढला जातो. पाय वर बांधताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाशी दाब आला तर तिथली नस दबते, आणि ऑपरेशन यशस्वी होऊनही पेशंट लोंबतं पाऊल घेऊन घरी जातो. कॉटरीची प्लेट कोरड्या, मांसल जागी पूर्ण चिकटली नाही किंवा तिच्याखाली स्पिरिट साचलं, तर भाजतं. पोट उघडण्याआधी, मिटण्याआधी आणि कातडी शिवल्यावर मॉप, गॉज आणि सुया मोजायच्या. आकडा जमला नाही तर सर्जन कितीही मोठा असला तरी ‘सर, एक मॉप कमी आहे’ असं मोठ्यानं म्हणायचं. काढलेली गाठ फॉर्मालिनच्या बरणीत घालून तिच्यावर नाव लिहायचं. दोन बरण्यांची लेबलं एकमेकांवर गेली, तर एका बाईला नसलेला कॅन्सर सांगितला जातो आणि दुसरीचा राहून जातो.

मोठ्या हॉस्पिटलात ही कामं वाटलेली असतात. सर्जनच्या बाजूला हात धुऊन उभी राहणारी बहुधा नर्स असते, भुलीच्या बाजूला वेगळा टेक्निशियन, हत्यारं निर्जंतुक करायला वेगळा विभाग. दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये हे सगळं एकाच माणसावर येतं. नाशिकसारख्या शहरात भूलतज्ज्ञ आणि कित्येक सर्जन दिवसातून चार हॉस्पिटलं फिरतात. काहींबरोबर त्यांचा असिस्टंटही बॅग घेऊन फिरतो. अशा वेळी त्या थिएटरचं मशिन, सक्शन, ऑटोक्लेव्ह यांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच असतो, आणि तो तिथला टेक्निशियन.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि वीसहून अधिक कोविड रुग्ण दगावले. ती दुर्घटना थिएटरमधली नव्हती. पण भिंतीतल्या नळीतून येणारा ऑक्सिजन कुठून येतो, कुठला व्हॉल्व्ह कशाचा आहे, दाब घसरला तर राखीव सिलिंडरवर किती वेळात जायचं, हे ज्ञान जगण्यामरण्याचं आहे हे या शहराला सांगायला नको. भूल आणि थिएटर तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात हा विषय असतोच. वाईट एवढंच वाटतं, की नोकरी देताना तो येतो का, हे फारसं कोणी विचारत नाही.

या कामाचं मोल आकड्यात दाखवणारा एक अभ्यास सगळ्या जगाला माहीत झाला आणि त्यामागे एक मराठी नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचे सर्जन पुत्र अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं: पेशंट तोच का, बाजू तीच का, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक गेलं का, मोजणी जमली का. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. थिएटरमधल्या प्रत्येकाला बोलायचा हक्क आणि क्रम ठरवून दिला, एवढंच. टेक्निशियनला काय शिकवायचं याचं उत्तर मला तरी याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे सापडलेलं नाही. पायऱ्या पक्क्या माहीत असणं आणि एखादी सुटली तर बोलण्याचं धाडस असणं. हे धाडस निव्वळ स्वभावातून येत नाही. आपल्याला विषय कळतो, या खात्रीतून ते येतं आणि खात्री शिक्षणातून येते.

आता दारं.

पहिलं दार पदवीचं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे. बीपीएमटी या नावानं तो ओळखला जातो आणि त्यात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ आणि भूल तंत्रज्ञ अशा शाखा आहेत. बारावी विज्ञानाला जीवशास्त्र असलेल्यांना तो खुला आहे. तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मग शाखेचे विषय. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. तिथे रोज वेगवेगळ्या विभागांची ऑपरेशन्स, रात्रीच्या इमर्जन्सी, सेप्टिक केसेस हे सगळं डोळ्यांखालून जातं, आणि फीही आवाक्यातली असते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही बीएस्सीच्या नावानं हाच विषय शिकवतात. नाशिक जिल्ह्यात आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यात घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचं वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी शिक्षण-रुग्णालयं आहेत. कोणत्या महाविद्यालयाला कोणत्या शाखेची मान्यता आणि किती जागा आहेत हे दरवर्षी बदलू शकतं. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका, विद्यापीठाच्या यादीत नाव पाहूनच पैसे भरा.

दुसरं दार पदविकेचं आणि प्रमाणपत्राचं. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेनं पॅरामेडिकलचे छोटे-मोठे अभ्यासक्रम चालतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या खासगी संस्था ते चालवतात. त्यांत चांगल्या संस्थाही आहेत. चांगली कुठली हे ओळखायची एकच खूण आहे: तिचा कोणत्या हॉस्पिटलशी लेखी करार आहे आणि तिथे विद्यार्थी आठवड्यातून किती दिवस उभे राहतात. दोन खोल्या, एक सांगाडा, भिंतीवर हत्यारांचे फोटो आणि आठवड्यातून एकदा ‘हॉस्पिटल व्हिजिट’ यातून ओटी टेक्निशियन तयार होत नाही, कागद काही सांगो.

तिसरं दार तीन-सहा महिन्यांच्या कौशल्य प्रशिक्षणाचं. रुग्णसेवेतला मदतनीस म्हणून उभं राहायला हे शिक्षण उपयोगी आहे, आणि घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला लगेच कमावतं करणारं म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही. पण ते संपवून आपण थिएटर तंत्रज्ञ झालो अशी समजूत करून घेऊ नये, आणि संस्थेनं ती करून देऊ नये.

चौथं दार लष्कराचं. आर्मी मेडिकल कोअरमध्ये ऑपरेशन रूम असिस्टंट हा स्वतंत्र ट्रेड आहे. देवळालीच्या छावणीमुळे नाशिककरांना लष्कर अनोळखी नाही. या ट्रेडमधून निवृत्त झालेली माणसं शिस्त आणि निर्जंतुकीकरणाचं पक्कं ज्ञान घेऊन नागरी हॉस्पिटलांत येतात आणि तिथे त्यांना मान असतो.

पत्रद्वारे किंवा ऑनलाइन पदवीचं एक खोटं दारही बरीच वर्षं उघडं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला बंदी घातली. ती फार आधी यायला हवी होती. आता कोणी ‘घरबसल्या ओटीची डिग्री’ म्हणालं तर तिथेच नमस्कार करावा.

कायद्याची बाजू थोडी सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं राहणार आहे. महाराष्ट्रानं पॅरामेडिकल परिषदेचा कायदा २०११ च्या नावानं केला आणि तो २०१६ मध्ये अमलात यायच्या टप्प्याला आला. केंद्रानं २०२१ च्या मार्चमध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत. त्यांतला एक आघात, भाजणं, शस्त्रक्रिया आणि भूल यांच्याशी निगडित तंत्रज्ञानाचा. त्यात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ, भूल तंत्रज्ञ, एंडोस्कोपी व लॅप्रोस्कोपी तंत्रज्ञ हे व्यवसाय नावानिशी आले. प्रत्येक राज्यात परिषद, प्रत्येक व्यवसायाची नोंदवही, देशभर एक किमान अभ्यासक्रम, अशी ही रचना. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं केंद्र-राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. २०२५ मध्ये काही व्यवसायांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यांत भूल आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाचाही होता.

या कायद्यातला एक आकडा प्रवेश घेणाऱ्यानं खिशात ठेवावा. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर पदविका किंवा पदवी दोन ते चार वर्षांत पसरलेल्या किमान २,००० तासांची हवी. दिवसाचे आठ तास धरले तर हे पूर्ण अडीचशे दिवस झाले. सहा महिन्यांचा, आठवड्याला तीन वर्गांचा कोर्स या हिशोबात कुठेच बसत नाही. संस्थेच्या कार्यालयात बसून ‘तुमचे तास किती, त्यांतले थिएटरमधले किती, आणि ते कोणाच्या सहीनं प्रमाणित होतात’ एवढं विचारलं, की अर्ध्या जाहिराती आपोआप गळतात.

इतर देशांनी ही वाट कधी चालली ते पाहिलं की आपला उशीर कळतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात परिचारिका आघाडीवर गेल्या, थिएटरमध्ये माणसं कमी पडली आणि सैन्यानं तंत्रज्ञ तयार केले. युद्धानंतर ते नागरी हॉस्पिटलांत आले आणि १९६९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. ब्रिटनमध्ये थिएटरच्या मनुष्यबळावरचा ल्युइन अहवाल १९७० चा. त्यातून प्रशिक्षित सहायकांची फळी उभी राहिली आणि २००४ पासून त्यांची नोंदणी सक्तीची झाली. तिथला ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर भूल, शस्त्रक्रिया आणि शुद्धीवर येणं या तिन्ही टप्प्यांत काम करतो, आणि त्याचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं तर तो कामच करू शकत नाही. हक्क आणि जबाबदारी एकदमच मिळाली. आपल्याकडे टेक्निशियनला पेशंटच्या नातेवाइकांचा राग मिळतो, चूक झाली तर पहिला ठपका मिळतो, नाव मात्र डिस्चार्ज कार्डावर कुठेच नसतं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकारानं २०१२ मध्ये आलेल्या अहवालात देशात सुमारे ६४ लाख संलग्न आरोग्य व्यावसायिकांची कमतरता असल्याचं म्हटलं होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या आयोगानं दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान ५,००० शस्त्रक्रिया व्हाव्यात आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ मिळून वीस असावेत असं लक्ष्य मांडलं. त्या विसांत तंत्रज्ञ नाही. लक्ष्य ठरवतानाही त्याला मोजलेलं नाही, आणि तो नसेल तर त्या ५,००० पैकी एकही होत नाही.

नाशिक जिल्ह्यात ही उणीव डोळ्यांना दिसते. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, महापालिकेची रुग्णालयं आहेत, कॅन्सर आणि हृदयाची मोठी खासगी केंद्रं आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ पट्ट्यातली बाई सिझेरियनसाठी घाट ओलांडून इथेच येते. ग्रामीण रुग्णालयात थिएटर बांधलेलं असतं, दिवा असतो, टेबल असतं. भूलतज्ज्ञ नाही ही अडचण सगळे सांगतात. भूलतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस आला तरी त्या दिवशी मशिन चालू स्थितीत, ड्रम निर्जंतुक आणि सक्शन ओढतं असलं पाहिजे, ही दुसरी अडचण कोणी सांगत नाही. ही दुसरी अडचण एका चांगल्या टेक्निशियननं सुटते, आणि तो तिथलाच स्थानिक मुलगा किंवा मुलगी असेल तर कायमची सुटते. सरकारी भरतीत शस्त्रक्रियागृह सहायकाचं पद गट क मध्ये असतं. जागा थोड्या आणि भरती वर्षानुवर्षं अडकलेली, अशी तिची गत आहे. मधल्या काळात कंत्राटावर माणसं घेतात आणि तीच शिकून तयार झाली की शहरात खासगीत निघून जातात.

असा जाणता माणूस नसला तर काय होतं, यासाठी कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचं उदाहरण बोलकं आहे. दुर्बिणीच्या नसबंदीत एका केसनंतर दुर्बीण ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवायची, निर्जंतुक पाण्यानं धुवायची, मगच दुसऱ्या बाईला वापरायची. म्हणून एका सर्जननं दिवसात तीस शस्त्रक्रियांच्या वर जायचं नाही आणि त्याही तीन दुर्बिणी असतील तरच, असा राष्ट्रीय दंडक आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एकाच शिबिरात ८३ बायकांवर काही तासांत नसबंदी झाली आणि त्यांतल्या अनेक जणी दगावल्या. कारणांवर पुढे वाद झाले, औषधांवरही बोट ठेवलं गेलं. पण वीस मिनिटांचा आणि ८३ केसेसचा गुणाकार तिथल्या कोणीतरी मोठ्यानं करायला हवा होता. तो करणारा माणूस बहुतेक वेळा दुर्बीण हातात घेऊन धुवायला उभा असतो.

पैशाबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. शहरातल्या अनेक छोट्या हॉस्पिटलांत नव्या टेक्निशियनचा पगार सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराहून फार वेगळा नसतो, आणि रात्रीची इमर्जन्सी त्यातच धरलेली असते. मोठ्या हॉस्पिटलांत बरा असतो, कारण ‘नाभ’ (एनएबीएच) या हॉस्पिटलांच्या गुणवत्ता-मानांकनासाठी आणि विमा कंपन्यांच्या पॅनेलवर राहण्यासाठी त्यांना शिकलेला, कागदपत्रं असलेला माणूस लागतो. तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर फरक पडू लागतो: सांधेबदल, मेंदू, हृदय, दुर्बीण अशा एखाद्या शाखेत हात बसलेला टेक्निशियन सर्जनच मागून घेतात. कोणी निर्जंतुकीकरण विभागाचा प्रमुख होतो, कोणी थिएटर इन्चार्ज, कोणी इम्प्लांट किंवा उपकरणांच्या कंपनीत जातो, कोणी शिकवायला लागतो. आखाती देशांचा रस्ताही आहे, पण तिथे परवान्याची परीक्षा असते आणि पदवी ज्या संस्थेनं दिली तिच्याकडून थेट पडताळणी होते. इथे गल्लीतल्या संस्थेचं प्रमाणपत्र चालून गेलं, तरी तिथे पहिल्याच टप्प्यावर अडतं.

शरीरावरही हे काम येतं आणि ते प्रवेशाआधीच कळायला हवं. तासन्‌तास उभं राहणं, पायांच्या शिरा फुगणं, जागरणं. सुई टोचण्याचा धोका रोजचा. हिपॅटायटिस बीची लस कामावर रुजू होण्याआधी पूर्ण झालेली असावी, आणि सुई टोचलीच तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्य तितक्या लवकर, बहात्तर तासांच्या आत सुरू करायची, हे पाठ असावं. हाडांच्या थिएटरात सी-आर्म चालतो, तिथे शिशाचा ॲप्रन आणि किरणोत्सर्ग मोजणारा बॅज मागायला लाजू नये. ‘दोनच मिनिटांचा एक्स-रे आहे’ हे वर्षाच्या तीनशे दिवसांना गुणून पाहावं.

आणखी एक गोष्ट तितक्याच गांभीर्यानं सांगायला हवी. हात बसला की छोट्या ठिकाणी टेक्निशियनला हळूहळू पुढे ढकललं जातं. आधी शेवटचे टाके घाल, मग सर दुसऱ्या हॉस्पिटलला निघाले तर पेशंटवर लक्ष ठेव, मग भुलीचं इंजेक्शन तूच वाढव. त्यात विश्वास असतो, कौतुक असतं, आणि तरुण मुलाला ते हवंहवंसं वाटतं. पण वैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचा असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याचा दंडक आहे, आणि काही बिघडलं तर शिक्षा ते काम करणाऱ्याला होते. नकार द्यायला शिकणं हाही या व्यवसायाचा भाग आहे. तो नकार ‘माझ्या नोंदणीत हे बसत नाही’ असं म्हणून देता आला तर नोकरीही टिकते. नोंदणीच नसेल तर म्हणायला काही उरत नाही.

मुलींसाठी हे क्षेत्र आता खरोखर खुलं होतं आहे, आणि प्रसूतीच्या थिएटरात तर पेशंटलाही ते हवं असतं. त्यांना पालकांपेक्षा हॉस्पिटलंच जास्त अडवतात: रात्री दोनला बोलावलं तर आणण्या-सोडण्याची सोय नाही, थिएटरजवळ कपडे बदलायला वेगळी खोली नाही. ज्या हॉस्पिटलाला रात्रीची केस घेता येते त्याला एका मुलीला घरी सोडायची गाडीही परवडते.

राहता राहिली ती आधीपासून काम करणारी, कागद नसलेली माणसं. नव्या कायद्यानं त्यांना एका फटक्यात बाहेर काढलं तर जिल्ह्यातली अर्धी नर्सिंग होम थांबतील आणि पंधरा-वीस वर्षांचा अनुभव वाया जाईल. त्यांना जसंच्या तसं आत घेतलं, तर चार वर्षं शिकून आलेल्या मुलीवर अन्याय होईल. यातून निघायचं असेल तर मधला अभ्यासक्रम लागेल: नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधांची मूलतत्त्वं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या थिएटरात प्रत्यक्ष परीक्षा, आणि उत्तीर्ण झाला की नोंदणी. परीक्षा मराठीतही देता यावी, कारण ज्या माणसानं वीस वर्षं ड्रम अचूक भरला आहे त्याला इंग्रजी लिहिता आलं नाही म्हणून नापास करणं मला मान्य नाही. परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हसरूळला आहे, मोठी शिक्षण-रुग्णालयं जिल्ह्यातच आहेत, आणि अशी माणसं शहराच्या प्रत्येक गल्लीत आहेत. सुरुवात नाशिकमधूनच व्हावी. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते आणि घाट यांच्यावर खर्च होतोच आहे. त्या गर्दीत अपघात झाला तर रात्री थिएटर उघडणारी माणसं तयार करणं हा त्याच तयारीतला खर्च धरावा.